चार नंबरच्या खोलीतल्या गांधीलमाश्या

२४ फेब्रुवारी

ही वही माझी नाही, ठकीची आहे. ठकी माझी मुलगी. दाखल्यावरचं नाव वेगळं होतं, घरात ते कोणी वापरलं नाही. वय अठ्ठावीस. नऊ दिवस ताप होता. तिला जाऊन आज पंधरा दिवस झाले.

तिची शेवटची नोंद ३० जानेवारीची आहे. "बरणी १: माद्या ४१, नर १३. बरणी २: माद्या ३८, नर १५. बरणी ३ उद्या. अंग दुखतंय." पुढची पानं कोरी. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तिने ठळक अक्षरात लिहून ठेवलं आहे, "रोज मोजायचं. चुकवायचं नाही."

आज मी मोजलं. पहिल्या बरणीत माद्या ९, नर ४. दुसरीत माद्या १२, नर ३. तिसरीत माद्या ७, नर ७. मादी कशी ओळखायची याचं चित्र वहीत आहे. पंचवीस दिवस घरातल्या ठकीच्या या खोलीत कोणी पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं होतं सगळं मेलेलं असेल.

२५ फेब्रुवारी

वाचणारं कोणी नाही, तरी नीट लिहून ठेवतो.

बरण्यांत चवळी आहे. चवळीत भुंगेरे आहेत. भुंगेरा दाण्यावर पांढरं अंडं चिकटवतो, अळी दाण्याच्या आत शिरते आणि दाणा आतून खाते. वरून काही दिसत नाही. या भुंगेऱ्यांवर ठकीच्या गांधीलमाश्या जगतात. नाव गांधीलमाशी असलं तरी मुंगीपेक्षा बारीक आहेत, माणसाला चावत नाहीत. मादी दाण्याला बाहेरून भोक पाडते, आतल्या अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्या अंगावर अंडं घालते. दोन आठवड्यांच्या आत दाण्यातून भुंगेऱ्याऐवजी माशी बाहेर येते.

मी बत्तीस वर्षं बियाण्याच्या गोदामात गोदामपाल आहे. भुंगेरा दिसला की अंगठ्याने चिरडायचा, एवढंच मला त्याच्याविषयी माहीत होतं. ठकी म्हणायची, "बाबा, तुम्ही गोळ्या टाकता ना, त्याने खोलीतलं सगळंच मरतं. माझ्या बायका फक्त कामापुरतं मारतात." माद्यांना ती बायका म्हणायची.

१ मार्च

ठकीबरोबर प्रयोगशाळेत काम करणारी चष्मेवाली मुलगी आली होती. बराच वेळ चहा हातात धरून बसली. मग म्हणाली, "काका, त्या बरण्या मी नेऊ का? नाहीतर टाकून दिल्या तरी चालतील. आमच्याकडचा हा वाण गेला. एसी बंद पडला त्या आठवड्यात. आता हिच्या तेवढ्या उरल्यात."

"उरल्यात म्हणजे?"

"म्हणजे तिने सहा वर्षं निवडून निवडून वाढवलेल्या. दुसरीकडे कुठे नाहीत."

मी म्हणालो, राहू देत.

ठकीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू देत म्हणजे कोण बघणार?" तिला उत्तराची अपेक्षा नव्हती.

६ मार्च

साहेबांकडे गेलो. गोदामातल्या चार नंबरच्या खोलीतल्या चवळीला भुंगेरा लागला आहे. अठ्ठेचाळीस पोती, सगळं पेरणीचं बियाणं, जूनमध्ये वाटायचं. नेहमीप्रमाणे महिनाअखेर विषारी वायूच्या गोळ्या टाकायच्या होत्या. ठकीने डिसेंबरमध्ये अर्ज दिला होता की ही खोली माश्यांच्या प्रयोगासाठी द्यावी. साहेबांनी तेव्हा तो फाइलला लावून ठेवला होता. आज काढून वाचला. चष्मा काढून पुसला.

"तुम्हाला जमेल का हे?"

"वहीत सगळं लिहिलेलं आहे."

"बघा करून. बिघडलं तर गोळ्या आहेतच."

त्यांनी होकार दिला तो दयेने दिला, हे मला कळतं. दया असो.

११ मार्च

आज भिंगातून एका मादीला काम करताना पाहिलं. दाण्यावर चढली आणि मिश्यांनी टकटक करत फिरली. एका जागी थांबली, पुन्हा तिथेच टकटक. दार वाजवून आत कोणी आहे का पाहावं तसं. आत अळी होती. माशीने शेपटाची सुई खाली केली आणि अर्धा तास हलली नाही. मीही हललो नाही. ऑफिसला उशीर झाला, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

ही म्हणाली, "एकतीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे असं कधी बघितलं नाहीत." चेष्टेत म्हणाली. गेल्या महिन्याभरातली पहिली चेष्टा. मला हसता आलं नाही.

१९ मार्च

चार नंबरमध्ये माश्या सोडल्या. तिन्ही बरण्या रिकाम्या केल्या. वहीत लिहिलं होतं की एक बरणी घरी राखून ठेवायची. मी वाचलं होतं. पण दोन बरण्या उघडल्यावर तिसरी बंद ठेवणं जमेना. उरलेल्या जणींना कोंडून ठेवल्यासारखं वाटलं.

बरणी उघडल्यावर त्या लगेच उडाल्या नाहीत. काठावर आल्या, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती. उजेड माझ्या पाठीमागच्या खिडकीतून येत होता, त्यामुळे असेल.

५ एप्रिल

नमुना काढायची नळी पोत्यात खुपसून प्रत्येक थप्पीतून दाणे काढले. जिवंत भुंगेरे शंभर दाण्यांत दोन. मार्चमध्ये अकरा होते. भोकं पडलेल्या दाण्यांत बारीक भोकं जास्त, म्हणजे माशी बाहेर पडल्याची. मापाडी शेजारी उभा होता. तो माझ्याइतकाच जुना, वजनकाट्याशी बोलणारा माणूस.

"भाऊ, माश्यांना पगार सुरू करा. आपल्या दोघांपेक्षा जास्त काम करतात."

१७ एप्रिल

शंभर दाण्यांत शून्य. साहेब स्वतः आले, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, दाणे तळहातावर घेऊन उजेडात पाहिले. वरच्या ऑफिसला पत्र लिहिणार आहेत, त्यात ठकीचं नाव घालणार आहेत. मी मान हलवली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल.

खिडकीच्या तावदानावर माश्या मोजल्या. ६४.

२३ एप्रिल

१९.

२६ एप्रिल

७. त्यातल्या चार उडत नाहीत, नुसत्या चालतात. कागदाला मध लावून ठेवला होता, त्याला तोंड लावलं नाही.

चष्मेवालीला फोन केला. ती म्हणाली, "काका, हेच तर हवं होतं. भुंगेरा संपला की त्यांनाही अंडी घालायला जागा नाही. त्या संपतात. ठकीच्या अर्जात आहे बघा, शेवटच्या परिच्छेदात."

"राखायच्या असतील तर?"

"एक बरणी राखली आहे ना तुम्ही घरी?"

मी फोन ठेवला. असा मी कधी कोणाचा फोन ठेवलेला नाही.

अर्ज काढून वाचला. तिने लिहिलं आहे, "दोन्ही संख्या शून्यावर आल्या की प्रयोग यशस्वी." तिचं अक्षर सरळ आहे, कुठे थांबल्याची खूण नाही. हे तिने कसं लिहिलं ते मला समजत नाही.

२८ एप्रिल

बाजारातल्या वाण्याकडे गेलो. भुंगेरा लागलेली चवळी मागितली. त्याने आधी ऐकलं नाही असं दाखवलं. मग म्हणाला, "काका, सकाळी सकाळी माझी बदनामी करायला आलात का? माझ्या दुकानात किडका माल?"

"असला तर हवा होता."

"नाही. असला तरी नाही."

मागे उभी असलेली बाई तिची पिशवी उघडून आत बघायला लागली. वाण्याने मला हात जोडले. पुढच्या दोन दुकानांत मी गेलो नाही.

३० एप्रिल

मापाड्याच्या घरी एक डबा निघाला. त्याची म्हातारी गेल्यापासून कोणी उघडला नव्हता. झाकण काढल्यावर चवळी दिसेचना, नुसती हालचाल. तो म्हणाला, "काय करायचंय भाऊ?" मी म्हणालो, दाखवायला हवेत, प्रयोगासाठी. तो जुना मित्र आहे, त्याने पुढे विचारलं नाही. डबा परत नको म्हणाला.

मागच्या थप्पीतल्या चार पोत्यांची शिवण उसवून त्यांत वाटून ओतलं आणि सुतळीने पुन्हा शिवलं. ज्या पोत्यांना मी बत्तीस वर्षं जपलं त्यांत मी हे केलं. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मला नाही म्हणता येणार नाही.

माश्या ३. तिन्ही माद्या.

३ मे

एक चूक वेळेत लक्षात आली. माश्या फार चांगलं काम करतात. आहे ते भुंगेरे पुन्हा संपवतील, मग पुन्हा तेच. त्यांच्यासाठी खाणं शिल्लक राहायला हवं. म्हणून चारपैकी तीन पोत्यांवर ठकीच्या बारीक विणीच्या ओढण्या बांधल्या. आतून भुंगेरा बाहेर येत नाही, बाहेरून माशी आत जात नाही. एक पोतं उघडं. संपत आलं की दुसरं उघडायचं. ओढण्या कपाटातून घेताना ही बाहेर होती. निळी, राखाडी आणि एक पिवळी.

गोदामाच्या नोंदवहीत शेरा लिहिला: "चार नंबर, माल निर्दोष."

१२ मे

माश्या ५८. माझा आठचा आकडा अलीकडे ठकीसारखा पडतो, शेपूट लांब ओढलेलं. मी आयुष्यभर तो आखूड काढत आलो.

२० मे

माश्या मोजता येत नाहीत. भिंतीवर, दिव्याच्या काचेवर, माझ्या बाहीवर. एक मादी माझ्या अंगठ्यावर उतरली. मिश्यांनी नखावर टकटक केलं, सांध्यावर टकटक केलं, थांबली, पुन्हा टकटक केलं. बराच वेळ. मी हात पुढे धरून उभा राहिलो. मापाडी दारात येऊन गेला, मला नंतर कळलं.

पोत्यांच्या आतून आवाज येतो. कान लावला तरच. हलक्या हाताने कागद चुरगळावा तसा. ओढण्या बांधलेल्या पोत्यांतून जास्त.

२५ मे

निळ्या ओढणीच्या पोत्यावर तळहात ठेवला. कोमट लागलं. खोली गार आहे, भिंत गार आहे, शेजारचं पोतं गार आहे.

पोतं गरम झालं म्हणजे आत कीड माजलेली असते, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवत आलो आहे. तरी हात काढला नाही. जेवणाच्या सुट्टीत तिथेच बसलो, पाठ टेकून. ऊब पाठीत शिरली. बसल्या जागी डोळा लागला. फेब्रुवारीपासून असा डोळा लागला नव्हता.

२७ मे

राखाडी आणि पिवळ्या ओढणीचीही कोमट. शेजारची दोन, ज्यांवर काही बांधलेलं नाही, तीही. रोज जेवणाची सुट्टी तिथेच घेतो. बोलतो थोडं. विशेष काही नाही, ऑफिसातलं.

२९ मे

आज डबा विसरलो म्हणून ही गोदामात घेऊन आली. मी पोत्याला टेकून बसलो होतो. तिने प्रथम ओढण्या पाहिल्या. जवळ आली, वाकली आणि तळहात उलटा करून पोत्यावर ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. लगेच काढून घेतला.

"याला ताप आहे," ती म्हणाली.

"हो."

"हो काय? किती पोत्यांना आहे?"

मी सांगितलं, सात.

तिने भिंतीवरच्या माश्या पाहिल्या. त्या तिच्याजवळ गेल्या नाहीत. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "नऊ दिवस तुम्ही दारात उभे होतात. रोज मला विचारायचात, किती आहे? मी आकडा सांगायची, तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचात. एकदा आत येऊन हात लावून बघितला नाहीत. आणि इथे बसलाय."

डबा माझ्या पायाशी ठेवून ती गेली.

हे खरं आहे. आकडा मला कळत होता. हात लावून वेगळं काय कळलं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता हिलाही कुठेतरी समजलं, असं वाटतं. तिनेही हात लावला.

३० मे

ही कालपासून बोललेली नाही. मला वाटतं तिला थोडा वेळ हवा आहे.

२ जून

वाटपासाठी पोती काट्यावर चढवायला सुरुवात केली. पुढच्या थप्पीची बरी भरली. मधल्या थप्पीला मापाडी थांबला.

"भाऊ, पन्नासचं पोतं त्रेचाळीस भरतंय."

"काटा बघ."

"काटा माझ्या लेकरासारखा आहे, मला शिकवू नका." त्याने पोतं उतरवून पुन्हा चढवलं. मग कान लावला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला तो डबा आठवला, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं.

"प्रयोगासाठी नेलं होतंत," तो म्हणाला.

"हो."

"दाखवायला."

तो काट्याच्या बाजूला बसला आणि हातातली सुतळी गुंडाळत राहिला.

३ जून

साहेबांनी आठ पोती फोडायला लावली. पिवळ्या ओढणीचं ओतलं तेव्हा दाणे पडल्याचा आवाजच आला नाही. सालपटं उडाली, पीठ उडालं आणि जमीन काळी होऊन चालायला लागली. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस पोती पेरण्यालायक नाहीत. दोन बायका बियाण्यासाठी पिशव्या घेऊन सकाळपासून दारात बसल्या होत्या. त्यातली थोरली आत आली, ओंजळभर उचललं, फुंकर मारली. ओंजळ रिकामी झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, तुम्ही असताना?"

त्यांना साहेबांनी दुसरीकडून मिळवून देतो म्हणून सांगितलं. कुठून देणार ते त्यांनाही माहीत नाही. पेरणी थांबत नाही.

साहेब मला ओरडले नाहीत. म्हणाले, "तुमच्यावर जे आलं, त्यात मी तुम्हाला हे काम द्यायलाच नको होतं. चूक माझी." उद्या गोळ्या टाकायच्या. टाकायचं प्रशिक्षण माझ्याकडे आहे, म्हणून मीच टाकायच्या.

४ जून

गोळ्या टाकल्या. ताडपत्री नीट दाबली, खिडकी बंद केली, दारावर धोक्याची पाटी लावली. ही न सांगता आली होती, खळ करून घेऊन. दाराच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या तिने चिकटवल्या, मी कापून देत होतो. एकही फट राहिली नाही. शेवटची पट्टी लावून झाल्यावर तिने हाताला लागलेली खळ पुसली नाही, तशीच उभी राहिली.

"मी रोज तिला पुसून काढायची," ती म्हणाली. "अंगातून नुसती वाफ यायची."

मी म्हणालो, चल घरी. तिचा हात धरला. हात गार होता.

१२ जून

चार नंबर उघडून वारा दिला, झाडून घेतला. खिडकीच्या कठड्यावर माश्यांचा थर होता, काळ्या वाळूसारखा. सगळ्या काचेकडे तोंड करून. भुंगेरे सुपं भरून निघाले. मापाड्याने मदत केली, माझ्याशी कामापुरतं बोलला.

घरी ठकीची खोली हिने आवरायला घेतली आहे. बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या होत्या. जेवायला बसल्यावर तिने विचारलं, "सगळं मेलं ना? कुठे काढून नाही ना ठेवलंत?"

मी नाही म्हणालो. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग ताट वाढलं. वाढताना डोळे पुसले. पुष्कळ दिवसांनी रात्री झोपली, आणि मी तिच्या झोपेवर पाणी ओतणार नाही.

खरं काय ते इथे लिहितो. ४ तारखेला सकाळी, ही यायच्या आधी, चार नंबरमधली दोन ओंजळी चवळी मी पाच नंबरमध्ये नेली. पाच नंबरला मूग आहे, एकशे दहा पोती, पुढच्या हंगामाचा. दिवाळखोर माणूस घर विकण्याआधी एक खोली राखतो, तसं म्हणावं तर तसंही नाही. माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. मागून तिसरी थप्पी, खालून दुसरं पोतं. उसवलं, ओतलं, शिवलं. त्या चवळीत भुंगेरे होते, माद्याही होत्या. मी मोजून घेतल्या, बावीस.

१९ जून

साहेबांनी पाच नंबरची किल्ली माझ्याकडेच ठेवली आहे. म्हणाले, "तुमच्यावर विश्वास नाही असं तुम्हाला वाटायला नको." तपासणीचा शेरा आज लिहिला: "पाच नंबर, माल निर्दोष." आजपुरतं ते खोटंही नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिथे गेलो. थप्पीवर चढून सगळ्या पोत्यांवरून हात फिरवला, एकेकावर थांबून, घाई न करता. अजून गार आहेत. मुगाचा दाणा लहान असतो, त्याला वेळ लागेल.